निवड करणाऱ्यालाही कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं: अर्जापासून ऑफर लेटरपर्यंत

डिप्लोमा, बी.कॉम. किंवा बी.एस्सी. करून पहिली-दुसरी नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींमध्ये एक समज खोलवर रुजलेला दिसतो. कंपनीत कुणीतरी एक साहेब बसलेला असतो, तो अर्ज चाळतो आणि मनात येईल त्याला घेतो, असा. खासगी कंपनीत माणूस असा घेतला जाणं फार क्वचित घडतं. तुमचा बायोडाटा पुढे पाठवणाऱ्या एचआरला विभागप्रमुखाला सांगावं लागतं की हाच का पाठवला. विभागप्रमुखाला प्लँट हेडपुढे सांगावं लागतं की आलेल्या पाचांपैकी हाच का हवा. निवड करणारा प्रत्येक जण कुणाला तरी उत्तर देणं लागतो. ते उत्तर तुमच्या अर्जातून आणि बोलण्यातून त्याला आयतं मिळालं, तर तुमचं नाव पुढे सरकतं. नाही मिळालं, तर तुम्ही चांगले असूनही तो तुमच्यासाठी भांडू शकत नाही. अर्ज आणि मुलाखतीबद्दल मला जे सांगायचं आहे, ते सगळं यातूनच निघतं.

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर किंवा बुटीबोरी अशा एखाद्या एमआयडीसीतली मध्यम आकाराची कंपनी डोळ्यांपुढे ठेवून बोलू. आयटी कंपनी असो की बँकेची शाखा, गाडी थोड्याफार फरकाने याच स्टेशनांवरून जाते.

जागा निघते कशी

कुणी नोकरी सोडतो, नवी लाइन सुरू होते किंवा ग्राहकाची मोठी ऑर्डर येते. विभागप्रमुख वरून मंजुरी घेतो: एक माणूस, अमुक काम, पगार इतक्यापासून इतक्यापर्यंत. तो कागद एचआरकडे जातो. एचआरच्या टेबलावर त्या वेळी अशा आठ-दहा जागा असतात आणि प्रत्येक विभाग ‘माणूस कधी देता?’ म्हणून मागे लागलेला असतो. आधी कंपनीतल्याच लोकांना विचारलं जातं, ‘कुणी ओळखीचं आहे का?’ मग कन्सल्टंटला फोन जातो, पोर्टलवर जाहिरात पडते.

म्हणून आधीच कंपनीत असलेल्या ओळखीच्या माणसाला विचारण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. गावाकडचा सीनियर, कॉलेजचा मित्र, मावसभाऊ, कुणीही चालेल. वशिला वेगळा आणि रेफरन्स वेगळा. वशिल्यात लायकी न बघता जागा मिळते. रेफरन्समध्ये फक्त तुमचा बायोडाटा ढिगाऱ्यातून वर येतो, मुलाखत तुमची तुम्हालाच द्यायची असते. मात्र त्या माणसाला ‘दादा, कुठं काही असेल तर बघ ना’ असं मोघम सांगू नका. त्याला काही करता येत नाही आणि चार दिवसांत तो विसरतो. ‘दादा, तुमच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा निघाली आहे. माझा डिप्लोमा मेकॅनिकल आहे, सहा महिने इनकमिंग इन्स्पेक्शन केलं आहे. बायोडाटा सोबत पाठवतो, एचआरला पुढे पाठवाल का?’ एवढा मेसेज केला की तो जसाच्या तसा पुढे ढकलता येतो.

बायोडाटा वाचणारा काय शोधतो

पहिल्यांदा बायोडाटा पाहणारा माणूस बहुतेक वेळा तुमच्या विषयातला नसतो. व्हीएमसी मशीन (संगणकाच्या नियंत्रणाखाली धातू कापणारं यंत्र) आत कसं चालतं हे एचआरला ठाऊक असेलच असं नाही. त्याच्या हातात विभागप्रमुखाने दिलेली शब्दांची यादी असते: व्हीएमसी, फनुक कंट्रोल, ड्रॉइंग वाचन, फर्स्ट पीस इन्स्पेक्शन. ते शब्द तो तुमच्या कागदावर शोधतो. म्हणून जाहिरातीत जो शब्द आहे आणि जे काम तुम्ही खरोखर केलं आहे, ते त्याच शब्दांत लिहा. जाहिरातीत ‘बँक रिकन्सिलिएशन’ (वहीतल्या नोंदी बँक स्टेटमेंटशी जुळवणं) असेल आणि तुम्ही ‘बँकेची कामं पाहिली’ असं लिहिलं असेल, तर जुळणारा माणूस असूनही तुम्ही निसटून जाता.

‘मशीनच बायोडाटा नापास करतं’ अशी एक भीती आजकाल पसरली आहे. मोठ्या कंपन्यांत अर्ज सांभाळणारं सॉफ्टवेअर असतं हे खरं. पण त्याचं मुख्य काम अर्ज साठवणं, त्यातली माहिती रकान्यांत भरणं आणि शोधून देणं हे आहे. दोन कॉलमचा रंगीत साचा, चौकटीत टाकलेला मजकूर, स्किलसमोर भरलेले ठिपके-तारे यांमुळे ती माहिती वाचताना गडबड होऊ शकते. साधा, एका कॉलमचा बायोडाटा करून पीडीएफमध्ये ठेवा. मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नका. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि पद असू द्या, कारण ‘रिझ्युम फायनल’ नावाच्या फायली त्या संगणकावर ढिगाने पडलेल्या असतात.

खरी चाळणी लागते ती वेगळीच आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर एचआर उमेदवार शोधतो तेव्हा तो ठिकाण, अनुभव, पगार, नोटिस पिरियड (राजीनाम्यानंतर जुन्या कंपनीत काढायचे दिवस) आणि उमेदवार अलीकडे पोर्टलवर आला होता का, हे निवडून शोधतो. तुम्ही बार्शीला राहता, पुण्यात यायला तयार आहात, पण पसंतीच्या ठिकाणांत पुणे भरलेलंच नाही. अशा वेळी तुमचा बायोडाटा त्याच्यासमोर येणारच नाही. प्रोफाइल पूर्ण भरा आणि आठवड्यातून एकदा तरी लॉग-इन करा. राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवरही नोंदणी असू द्या. रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते.

फ्रेशरला एक पान पुरे. ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’च्या चार ओळी, खालचं ‘वरील माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापत्र, वडिलांचं नाव, धर्म-जात, आधार क्रमांक हे सगळं काढून टाका. आधार आणि पॅनचे क्रमांक बायोडाट्यावर लिहिणं धोक्याचंही आहे, कारण तो कागद किती हातांतून फिरेल हे आपल्या ताब्यात नसतं.

मोकळ्या झालेल्या जागेत काम लिहा. केलेलं काम, किती आणि कशाने, अशा वाक्यांत. ‘टॅलीचं ज्ञान आहे’ या वाक्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘कर सल्लागाराच्या ऑफिसात ६ महिने: दोन दुकानांची खरेदी-विक्री बिलं टॅलीत भरली, दरमहा बँक रिकन्सिलिएशन केलं, जीएसटीआर-१ साठी डेटा तयार केला’ हे वाक्य विभागप्रमुख उचलून जसंच्या तसं वरिष्ठांना सांगू शकतो. अनुभव अजिबात नसेल तर प्रोजेक्ट लिहा, पण नाव लिहून थांबू नका; त्यात तुमचा वाटा कोणता ते सांगा. चौघांच्या गटात बेअरिंग निवडणं आणि ड्रॉइंग काढणं तुमच्याकडे होतं, तर तेवढंच लिहा. वडिलांचं किराणा दुकान सुट्टीत सांभाळलं असेल, तर स्टॉक आणि उधारीची वही पाहिली हेही कामच आहे. सेल्स किंवा स्टोअरच्या जागेसाठी ते मोलाचं ठरतं. आमच्याकडची मुलं हे लपवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एमपीएससीची गॅप

हा विषय महाराष्ट्रात इतक्या घरांत आहे की त्यावर थांबायलाच हवं. पदवीनंतर तीन-चार वर्षं पुण्यात अभ्यासिकेत काढली, पूर्व झाली, कधी मुख्यही झाली, अंतिम यादीत नाव आलं नाही. आता खासगी नोकरी शोधायची आहे आणि बायोडाट्यातली ती वर्षं कोरी दिसतात. बरेच जण तिथे मित्राच्या फर्मचा खोटा अनुभव टाकतात. तो टिकत नाही. पगाराची स्लिप मागितली जाते, बँक स्टेटमेंट मागितलं जातं आणि जिथे पीएफ कापला गेला तिथली नोंद यूएएनच्या (पीएफ सदस्याच्या कायम क्रमांकाच्या) सेवा-इतिहासात दिसते. रुजू झाल्यावर पडताळणीत खोटं निघालं तर नोकरी जाते, आणि ज्याने तुमच्यासाठी शब्द टाकला होता त्यालाही खाली पाहावं लागतं.

ती वर्षं सरळ लिहा: ‘२०२१ ते २०२४: राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, दोन वेळा मुख्य परीक्षेस पात्र.’ मुलाखत घेणाऱ्याला त्या वर्षांचा राग नसतो. त्याला दोन धास्ती असतात. पहिली, ‘याला सहा महिने शिकवायचं आणि उद्या जाहिरात निघाली की हा जाणार.’ दुसरी, ‘विषय सुटून चार वर्षं झाली, आता याला काय आठवत असणार?’ तुमच्या उत्तराने या दोन्ही गोष्टी मिटायला हव्यात. उदाहरणार्थ: ‘तयारी मी गेल्या वर्षी थांबवली. त्यानंतर टॅली आणि जीएसटीचा कोर्स केला आणि चार महिन्यांपासून एका सीएंच्या ऑफिसात रोज काम करतो आहे.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत वजनदार आहे. ‘आता मी नक्की टिकेन’ असं कुणीही म्हणू शकतं, पण चार महिने केलेलं काम दाखवता येतं. म्हणून तयारी थांबवायचं ठरलं की पहिल्या मोठ्या नोकरीची वाट पाहू नका. आपल्या विषयातलं छोटं, कमी पगाराचं काम लगेच धरा. मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी अप्रेंटिसशिप हाही रस्ता आहे. पदवी-डिप्लोमाधारकांसाठी केंद्र सरकारचं ‘नॅट्स’ पोर्टल आहे. मात्र त्याच्या पात्रतेच्या अटींत पास झाल्याचं वर्ष पाहिलं जातं, त्यामुळे ते आधी तपासा.

आणि तयारी अजून चालूच असेल तर ‘थांबवली’ असं खोटं सांगू नका. अशा काळात ठरावीक वेळेची, घराजवळची नोकरी शोधणं जास्त बरं.

पहिला फोन

अनोळखी क्रमांक उचला. पहिला फोन पाच मिनिटांचा असतो आणि त्यात तुमच्या हुशारीची परीक्षा नसते. कुठे राहता, शिफ्ट चालेल का, चाकणला रोज कसे याल, सध्याचा पगार, अपेक्षा, कधी रुजू व्हाल, एवढंच विचारतात. एचआरला विभागप्रमुखाचा वेळ वाया घालवायचा नसतो. याची उत्तरं आधीच ठरलेली असू द्यात. ‘घरी विचारून सांगतो’ हे उत्तर पहिल्या फोनवर आलं की नाव मागे पडतं. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच घरी बोलून घ्या. विशेषतः मुलींनी रात्रपाळी, बसची सोय आणि राहण्याचं ठिकाण हे प्रश्न फोनवरच स्पष्ट विचारावेत. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

मुलाखतीची खोली

‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर गाव, आईवडील, भावंडं, छंद असा क्रम लागतो. समोरच्याला हवं असतं ते वेगळं: शिक्षण एका वाक्यात, केलेलं काम तीन-चार वाक्यांत आणि ही जागा का हवी ते एका वाक्यात. दीड मिनिट पुरे. पाठ करू नका, पण मोठ्याने बोलून सराव मात्र कराच. मनातल्या मनात केलेला सराव तोंडातून येत नाही.

इंग्रजीची धास्ती मराठी माध्यमातल्या मुलांना खिळवून ठेवते. शॉपफ्लोअरच्या कित्येक मुलाखती मराठी-हिंदीतच होतात. जिथे इंग्रजी लागतं तिथे छोटी वाक्यं बोला आणि आपल्या कामाची चाळीस-पन्नास वाक्यं पक्की करून ठेवा. सगळं इंग्रजी महिन्याभरात येणार नाही, पण स्वतःच्या कामापुरतं नक्की येतं. अडलात तर ‘हा मुद्दा मराठीत सांगू का?’ असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. ग्राहकाशी इंग्रजीत बोलायचीच जागा असेल तर मात्र ही सवलत मिळणार नाही, आणि ते रास्तही आहे.

विषयाचे प्रश्न बहुधा साधे वाटतात आणि तिथेच काम केलेला माणूस वेगळा दिसतो. ज्युनिअर अकाउंटंटला विचारतात, ‘महिन्यात कोणत्या तारखेला काय भरता?’ ज्याने दरमहा हे केलं आहे तो लगेच म्हणतो, ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी (ही दोन्ही जीएसटीची रिटर्न). पुढचा प्रश्न येतो, ‘सप्लायरचं बिल आपल्याकडे आहे, पण २बीमध्ये (सप्लायरांच्या रिटर्नवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीत) दिसत नाही, काय कराल?’ इथे पुस्तकातली व्याख्या कामाला येत नाही. ‘त्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट या महिन्यात घेणार नाही, सप्लायरला फोन करून रिटर्न भरायला लावणार आणि ते बिल वेगळ्या यादीत ठेवणार’ हे उत्तर हवं असतं. क्वालिटीच्या जागेसाठी विचारतात, ‘५० मिलिमीटरच्या शाफ्टवर ०.०२ची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आहे, व्हर्नियरने मोजाल?’ नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच (मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.०२ असतो, त्यामुळे तिथे मायक्रोमीटर लागतो. दोन वाक्यांत कारण सांगता आलं की विभागप्रमुखाला वरिष्ठांपुढे सांगायला मुद्दा मिळतो.

तयारी करताना स्वतःच्या चार-पाच घटना लिहून काढा. अडचण काय होती, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं. चूक कशी दुरुस्त केली, कुणाशी मतभेद झाला, कमी वेळात काम कसं उरकलं, अशा. ‘कठीण प्रसंग सांगा’, ‘टीममध्ये वाद झाला तर?’, ‘तुमचा कमकुवतपणा?’ या सगळ्या प्रश्नांना याच घटना पुरतात. सांगताना ‘आम्ही’ म्हणू नका. सगळं आम्ही केलं म्हटलं की तुमचा वाटा कोणता ते समोरच्याला कळत नाही आणि ते विचारायला त्याच्याकडे वेळ नसतो.

येत नाही ते येत नाही म्हणा आणि त्याच दमात, जवळचं काय येतं ते सांगा: ‘सॅप वापरलेलं नाही, टॅलीत हेच काम केलं आहे.’

शेवटी ‘काही विचारायचंय?’ म्हणतात तेव्हा गप्प बसू नका. पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून नेमकं कोणतं काम अपेक्षित आहे, हा प्रश्न मला सगळ्यांत चांगला वाटतो. उत्तरातून तुम्हालाही कळतं की जाहिरातीतलं काम आणि खरं काम एकच आहे का.

पगाराचा आकडा

इथे आपली मुलं सर्वांत जास्त फसतात, म्हणून हिशेबच मांडतो. ऑफरमध्ये वार्षिक सीटीसी ३,६०,००० रुपये लिहिला आहे. महिन्याला ३०,००० झाले. पण सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यापोटी येणारा एकूण खर्च. हातात येणारा पगार वेगळा. समजा मूळ वेतन १५,००० आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, साधारण ७२० रुपये. वर्षअखेरीचं व्हेरिएबल (कामगिरी पाहून मिळणारी रक्कम) २४,००० असेल तर महिन्याचे २,००० तेही आतच. उरले २५,४८०. यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) वजा करा. हातात २३,४८०. कँटीन आणि बसचे पैसे कापत असतील तर आणखी कमी. पीएफ तुमचाच पैसा आहे, तो बुडाला असं समजू नका. पण हातात ३०,००० येतील असं धरून खोलीचं भाडं ठरवलंत तर पहिल्याच महिन्यात ओढाताण होईल. एचआरला विचारायचं वाक्य सोपं आहे: ‘मॅडम, सगळं वजा जाऊन दरमहा बँकेत किती जमा होतील?’ आणि ‘यात व्हेरिएबल किती?’

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: ‘मी कंपनीच्या रोलवर असेन की कॉन्ट्रॅक्टरच्या?’ गेटवर मोठ्या कंपनीची पाटी आणि ऑफर लेटरवर लेबर कॉन्ट्रॅक्टरचं नाव, हे औद्योगिक पट्ट्यात सर्रास चालतं. ते बेकायदा आहे असं नाही, पण रुजू होण्याआधी ते माहीत असायला हवं. अप्रेंटिस म्हणून घेत असतील तर मिळतो तो स्टायपेंड. अप्रेंटिस कायद्याखालच्या उमेदवाराला पीएफ लागू होत नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन सहसा कंपनीवर नसतं.

आकडा मागताना ‘घरची जबाबदारी आहे’ हे कारण समोरच्याला पुढे सांगता येत नाही. ‘याच कामाचा माझा दीड वर्षाचा अनुभव आहे आणि सध्या हातात २१,००० येतात’ हे सांगता येतं. सध्याचा पगार फुगवू नका. स्लिप मागितली जातेच. आणि लेखी ऑफर मेलवर आल्याशिवाय जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नका, फोनवर कुणी कितीही खात्री दिली तरी.

पैसे मागितले की तिथेच थांबा

रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंगचं डिपॉझिट, लॅपटॉपची सुरक्षा रक्कम, मेडिकलचे पैसे ‘या क्यूआरवर पाठवा’: खरी कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. मुलाखत फक्त चॅटवर होते, पत्र मोफत मेल-खात्यावरून येतं, व्हिडिओ लाइक करायचे पैसे आधी मिळतात आणि मग ‘गुंतवा’ म्हणतात, या सगळ्या खुणा एकाच धंद्याच्या आहेत. पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त. मूळ गुणपत्रिका ‘जमा’ करायला सांगितल्या तरी देऊ नका. दाखवा, प्रत द्या, मूळ कागद परत घ्या.

कागदपत्रं

मुलाखतीनंतर त्याच दिवशी दोन ओळींचा आभाराचा मेल करा. सांगितलेली मुदत उलटून दोन-तीन दिवस झाले की एकदा विचारा. रोज फोन करू नका. त्या दिवसांत दुसरे अर्ज चालूच ठेवा.

आणि एक काम आजच करण्यासारखं आहे. दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन आणि बँक पासबुक एका ओळीत ठेवून त्यांवरचं नाव आणि जन्मतारीख ताडून पाहा. एकावर ‘बाळासाहेब’, दुसऱ्यावर ‘बाळू’. एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. लग्नानंतर पॅन बदललं पण आधार तसंच. यूएएनची नोंद आधारशी जुळवली जाते, आणि असा फरक निघाला की कधी रुजू होणं रखडतं, कधी पुढे पीएफ काढताना अर्ज परत येतो. आधार केंद्रावर दुरुस्तीला लागणारे दिवस कंपनी तुमच्यासाठी थांबेलच असं नाही. डिजिलॉकरमध्ये गुणपत्रिका मिळत असतील तर त्याही उतरवून घ्या.